दारापर्यंत गाडी

शेठचं घर दुकानामागच्या गल्लीत, दोनशे पावलांवर आहे. एवढं अंतर शेठ मोटारसायकलवर कापतात. उंबऱ्यावर फळी टाकून गाडी खाली घ्यायची, पुसायची, किक मारायची, गल्लीच्या तोंडाशी आडव्या बसलेल्या म्हशीला हॉर्न द्यायचा, ती उठायची वाट बघायची आणि मग दुकानापुढं गाडी स्टँडला लावायची. तेवढ्या वेळात घरून चालत निघालेला दुकानातला पोरगा शटर उघडून, झाडलोट करून, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लावून मोकळा झालेला असतो. हे रोज घडतं. शेठना त्यात काही वावगं दिसत नाही. "चालत आलो तर लोक म्हणतील, शेठनं गाडी इकली का काय."

शेठचं नाव सांगायची गरज नाही. आष्टीच्या पेठेत या, एका हाताला बघा, दुसऱ्या हाताला बघा. दोन्हीकडं शेठ आहेत. कड्यात आहेत, जामखेडात आहेत. कुणाचं कापडाचं दुकान असतं, कुणाचं भांड्यांचं, कुणाचं बी-बियाण्याचं. आमच्या शेठचं कापडाचं आहे, एवढाच फरक.

शेठ भाजी गाडीवरून घेतात. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, दुसरा ब्रेकवर. "मावशी, मेथी कशी?" मावशीनं भाव सांगायचा, उठायचं, जुडी नेऊन हँडलला अडकवायची, सुट्टे पैसे आणून द्यायचे. मेडिकलवाला त्यांची रक्तदाबाची गोळी ओळखीनं बाहेर आणून देतो. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, हेही शेठ त्याला गाडीवर बसूनच सांगतात. वाटेतल्या मारुतीला ते डावा हात छातीला लावून नमस्कार करतात. थांबत नाहीत. घंटेच्या जागी हॉर्न वाजवतात.

तर अशा माणसापुढं मास्तरांनी विषय काढला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले असले तरी गावाला अजून वर्गातच बसवून ठेवतात. चहाच्या हॉटेलात बशी ओठाला लावता लावता ते म्हणाले, "शेठ, पेठेचा रस्ता सकाळी दहा ते रात्री आठ गाड्यांना बंद करायला पाहिजे. फक्त चालणारी माणसं. गाड्या बाहेर लावायच्या. मालाचा टेम्पो पहाटे येऊन जाईल."

शेठनी बशी खाली ठेवली. "म्हंजे धंदा बंद करा म्हणा की सरळ."

"गाड्या बंद म्हणालो, दुकानं नाही."

"एकच झालं. गिऱ्हाईक दारात गाडी लावतं, मग पायरी चढतं. गाडी लागली न्हाई तर म्होरच्या दुकानात जातं."

"पुढच्या दुकानासमोर लागते का?"

"तिथं तर त्याहून न्हाई!" शेठ विजयी मुद्रेनं म्हणाले. आपण कुणाची बाजू लढवतोय याचं भान माणसाला जोरात आल्यावर राहत नाही.

मास्तर जिद्दीचे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते शेठच्या दुकानापुढं वही घेऊन उभे राहिले. पायरीला लागून सात मोटारसायकली होत्या. एक शेठची, एक त्यांच्या मुलाची, तीन शेजारच्या भांडेवाल्यांची आणि एक समोरच्या सोनारांची, कारण त्यांच्या दारात त्यांची जीप असते. सातवी कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या सीटवरची धूळ बघता ती दिवाळीपासून तिथंच असावी. गिऱ्हाईक दोन होती, दोघीही एसटी स्टँडावरून पिशव्या घेऊन पायी आलेल्या. सात गाड्यांमधून वाट काढताना एकीचा पदर हँडलला अडकला, तो सोडवायला शेठ स्वतः गल्ल्यावरून उठले आणि म्हणाले, "बघितलं मास्तर? पार्किंगची किती अडचण हाय!"

पेठेतलं दुकान मुळात ओट्यावर असतं. ओट्याला पायरी असते, ती रस्त्यात. पायरीवर फळी येते, फळीवर साड्या नेसवलेले पुतळे उभे राहतात. पुतळ्यांपुढं दोरी, दोरीवर गाऊन आणि परकर. दोरीचं टोक बांधायला बांबू, बांबूला आधार म्हणून दगड, आणि दगड कुणी हलवू नये म्हणून त्याच्या पुढं शेठची गाडी, आडवी. एवढं झाल्यावर जो उरतो तो रस्ता. त्यातून रिक्षा, दुधाच्या कॅनवाले, शाळेची पोरं, एखादा ट्रॅक्टर आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई यांनी एकमेकांना सांभाळून जायचं असतं.

मास्तरांनी कायदाही काढला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं पायी चालणाऱ्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी वाट सांगितलीय. मे 2025 मध्ये तर सुप्रीम कोर्टानं चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवायला सांगितलं.

"1.8 मीटर म्हंजे किती?"

"सहा फूट."

शेठनी पुतळ्यांकडं पाहिलं. तिघीही साडेपाच फुटांच्या. "मग ह्यांनी कुठं जायचं?" असं त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की मास्तरांनाही क्षणभर उत्तर सुचेना.

शेठना मोकळ्या रस्त्याचं वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ते डिसेंबरात पुण्याला गेले होते. (कापडाच्या दुकानदारानं बस्ता पुण्यात का बांधावा, हा प्रश्न घरात झाला. आपल्या दुकानातलं कापड आपण काय किमतीला घेतलंय हे ठाऊक असल्यामुळं शेठना ते विकत घेववत नाही.) दिवस नेमका 11 डिसेंबरचा निघाला. पुणे महापालिका 2021 पासून या तारखेला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकाकडचा तुकडा दिवसभर वाहनांना बंद ठेवते. मंडईजवळच्या वाहनतळात जीप लावावी लागली तेव्हा शेठनी पुण्याचा उद्धार केला. तिथून लक्ष्मी रस्त्यावर आले आणि गप्प झाले. भर रस्त्यात लेकरं पळत होती. म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा होती. बायका दुकानाच्या काचेपुढं हव्या तेवढा वेळ उभ्या राहत होत्या आणि मागून कुणी हॉर्न देत नव्हतं. शेठ सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालले. चार दुकानं जास्त झाली, ठरवल्यापेक्षा सहा साड्या जास्त झाल्या, शेठाणीबाईंनी न मागितलेली पैठणी झाली. परत आल्यावर आठवडाभर पेठेत तेच. "काय रस्ता केला व्हता राव! माणूस मोकळा फिरला की खिसा आपोआप मोकळा व्हतो."

मास्तर या वाक्याची वाटच बघत होते. "मग शेठ, आपल्याकडं?"

"ते पुणं हाय मास्तर."

माथेरानचंही तेच. तिथं मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढं बाजारापर्यंत पायी जायचं किंवा घोड्यावर जायचं. आधी माणसानं ओढलेल्या रिक्षा होत्या, अलीकडं ई-रिक्षा आल्यात. शेठनी घोडा केला. लाल मातीची वाट, झाडी, माकडं, सगळं आवडलं, धूर नाही हे तर फारच. फक्त हॉटेलच्या दारात पायऱ्या असल्यामुळं घोडा वीस पावलं अलीकडं थांबला, त्यावरून घोडेवाल्याशी वाद झाला.

मास्तरांनी एकदा थेट कोपनहेगन काढलं. तिथला स्ट्रॉयट नावाचा बाजाररस्ता 1962 च्या नोव्हेंबरात गाड्यांना बंद केला, आधी नुसता प्रयोग म्हणून. दुकानदार खवळले. एक म्हणे धंदा बसणार. दुसरे म्हणे रस्त्यात रमतगमत फिरणं हे इटलीच्या लोकांचं काम, आपल्या थंडीत कोण फिरतंय. दोन वर्षांत रस्ता कायमचा चालणाऱ्यांचा झाला आणि दुकानं आजही तिथंच आहेत. शेठनी शांतपणे ऐकलं. "त्यांच्याकडं थंडी हाय. आपल्याकडं ऊन. उन्हात गिऱ्हाईक चालंल का?" डेन्मार्कचा दुकानदार थंडी सांगतो, आष्टीचा ऊन सांगतो. चांगल्या हवेतला दुकानदार काय सांगत असेल, हे मला एकदा ऐकायचंय.

मग मास्तरांनी ब्रिस्टल काढलं. इंग्लंडातल्या या शहरात 2006 साली दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीनं येतात? त्यांचा अंदाज निघाला 41 टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं, तर भरले 22.

"विंग्रज दुकानदारांना हिशोब येत न्हाई," शेठ म्हणाले.

खरं तर मास्तरांना इतक्या लांब जायचं कारण नव्हतं. बाजाराच्या दिवशी पेठ गाड्यांना आपोआप बंद होते. कुठला ठराव नाही, पाटी नाही, पोलीस नाही. खेड्यापाड्यांतून माणसं येतात, कांदे-लसणाचे ढीग, मिरच्या, बांगड्या, टोपल्या रस्त्यावर मांडल्या जातात आणि सकाळी दहानंतर तिथं सायकलही शिरत नाही. त्या दिवशी शेठ गाडी घरीच ठेवतात, कारण दुसरा इलाजच नसतो. चालत येतात. आणि आठवड्यातला सगळ्यात मोठा गल्ला त्याच दिवशी होतो.

वर्षातला मोठा गल्लाही पायीच येतो. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाकडून उचल मिळाली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबं पेठेत उतरतात. सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर काढायचे असतात. लेकरांना कपडे, म्हाताऱ्याला घोंगडी, बाईला दोन लुगडी. काळीपिवळी त्यांना स्टँडवर सोडते आणि तिथून ती ओळीनं चालत येतात, पुढं नवरा, मागं बायको, मधे पोरं. एकाच पायरीवर अख्खं घर बसतं. त्यांच्याकडं लावायला गाडी नसते आणि मागायला उधारी नसते. शेठ त्यांना चहा सांगतात. शेठ मनानं वाईट माणूस नाही, तसा हा प्रकार कुठंच वाईट नसतो. फक्त पार्किंगचा विषय निघाला की ही माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, गाडीवाला येतो. तो बहुतेक वेळा पत्ता विचारायला थांबलेला असतो.

रेल्वेबद्दलही शेठची तक्रार याच जातीची. 23 सप्टेंबर 2022 ला न्यू आष्टी ते अहमदनगर अशी 66 किलोमीटरची गाडी सुरू झाली. तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या जिची नुसती भाषणं ऐकली ती रेल्वे डोळ्यांनी दिसली. शेठ हार घेऊन गेले, फोटो काढला. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी धावली तेव्हाही त्यांनी पेढे वाटले. बसले मात्र एकदाही नाहीत. "स्टेशन लांब पडतं. पेठेतून काढली असती तर बात वेगळी." पेठेतून रेल्वे काढली असती तर त्यांचे पुतळे कुठं गेले असते, हे मास्तरांनी विचारलं नाही. मास्तरांनाही दमायला होतं.

आता गंमत ऐका. हेच शेठ नवरात्रात मोहटादेवीला रात्रभर चालत जातात. सावरगावच्या मायंबाला, मच्छिंद्रनाथांच्या दर्शनाला, गड पायी चढतात, निम्म्या वाटेत गाडीवाले हात करतात तरी बसत नाहीत. आणि आषाढात दिंडीबरोबर पंढरपूर. अनवाणी. उन्हात, पावसात, चिखलात, आठ-दहा दिवस, टाळ वाजवत. रक्तदाब त्या दिवसांत एकदम ताळ्यावर येतो, हे मेडिकलवाल्यानंच मला सांगितलं. शेठची चालायची ना नाही. फक्त पाप असं आहे की पेठेत विठोबा नाही, नुसतं किराणा आणि कापड आहे.

यंदा दिंडी निघायच्या आदल्या रात्री मास्तरांनी शेवटचा प्रयत्न केला. "शेठ, तुम्ही नसताना आठ दिवस करून बघू. नगरपंचायतीला अर्ज देतो. तुमची सही हवी." शेठ प्रसन्न होते, कपाळाला बुक्का होता. त्यांनी अर्ज वाचला, पेन मागितलं, सहीही केली. वर एक ओळ आपल्या हातानं लिहिली: 'दुकानदारांच्या गाड्या सोडून.' तेवढ्यावरच भांडेवाल्यांनी सही केली, सोनारांनी केली, सगळ्या पेठेनं केली. अर्ज एकमतानं मंजूर झाल्यासारखाच होता, अडचण एवढीच की बंद करायला गाडीच उरली नव्हती.

पहाटे शेठ टाळ गळ्यात घालून अनवाणी निघाले. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन गेला. बँकेत जायचंय, माझी गाडी पंक्चर आहे, तुमची लागतेय, पण चावी सापडत नाही. पलीकडून टाळांच्या आवाजातून शेठ ओरडून सांगत होते, "चावी माझ्या कनवटीला हाय! आन्‌ ऐक, हलवू नको तिला तिथून. माघारी येस्तोवर भांडेवाला जागा धरंल!"