निकालाआधीचे पेढे

काही माणसांच्या हाताला गुण असतो. माझ्या हाताला आहे तो अवगुण. पुण्यात असताना माझ्या देखरेखीखाली आमच्या वृंदावनातल्या तीन तुळशी वाळल्या, आणि चौथी आईने माझ्यापासून लपवून शेजाऱ्यांच्या गच्चीत वाढवली. ती जगली.

एवढं शहाणपण गाठीशी असताना एडिंबरात येऊन बारा वर्षं झाल्यावर मला बागेची हौस का सुटावी? दोष त्या फुलाचा. जून महिन्यात इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये, नेहमीच्या रिपरिप पावसात, मी हिमालयातली निळी पॉपी पाहिली. तो निळा रंग गोकर्णाचा नव्हे, निळीच्या पुडीचाही नव्हे. श्रावणात सर येऊन गेल्यावर ढगांच्या फटीतून जो तुकडा दिसतो ना, तो कुणी तरी कात्रीने कापून देठावर लावला होता. बेली नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने 1913 साली तिबेटात हे फूल पाहिलं आणि वहीत दाबून आणलं. पुढे 1924च्या मोहिमेत किंग्डन-वॉर्ड या वनस्पती-शोधकाने त्याच्या बिया गोळा केल्या, आणि तिथून ते विलायतेतल्या बागांत पोचलं. स्कॉटलंडचा गारठा, ओलावा आणि आंबट माती त्याला माहेरासारखी मानवली. उन्हाळा तापला की ते मान टाकतं, म्हणजे पुण्यात त्याचं काही खरं नव्हतं. हिमालयाचं फूल पाहायला पुण्याच्या माणसाला स्कॉटलंड गाठावं लागलं, याचं मला इतकं भरून आलं, की मी तिथेच ठरवलं, हे आपल्या अंगणात हवं.

इथे बागवाल्यांचे क्लब असतात. सभासद शरदात आपापल्या झाडांच्या बिया पाठवतात, हिवाळ्यात यादी निघते, आणि ज्याला जे हवं ते चिमुकल्या पाकिटांतून पोस्टाने घरी येतं. हळदीकुंकवाच्या वाणासारखंच, फक्त वाटीऐवजी पाकीट. फेब्रुवारीत माझं पाकीट आलं. बी खसखशीपेक्षा फार मोठं नाही, आणि पेरेपर्यंत ते थंडीत ठेवावं, म्हणजे फ्रीजमध्ये, असं पुस्तकात होतं. तुम्ही म्हणाल, आता हे अनारशांवर पडणार. नाही हो. आमच्या हिला खसखस ओळखता येते. घरात न ओळखणारा एकच आहे.

त्याने काय केलं? हिमालयाच्या पाहुण्याला कालच्या भेंडीच्या भाजीशेजारी ठेवणं त्याला बरं वाटेना, म्हणून ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं, अन्नपूर्णेच्या मागे, की जाता-येता नमस्कारही होईल. आमचा देव्हारा रेडिएटरच्या वरच्या फळीवर आहे. थंडीची वाट पाहणारं ते बी तीन आठवडे वाफारा घेत होतं.

मार्चमध्ये मी साग्रसंगीत पेरणी केली. कंपोस्ट कमी पडलं म्हणून कुंपणाजवळची थोडी माती मिसळली. (ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.) बी वर नुसतं भुरभुरवलं, फवाऱ्याने पाणी दिलं, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन ट्रेसमोर उकिडवा बसू लागलो. महिन्याभराने हिरवे ठिपके दिसले तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की ही पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही कोथिंबीर आहे का?"

पानं खरोखरच कातरलेली, कोथिंबिरीच्या वळणाची होती. पुस्तकातल्या निळ्या पॉपीची पानं लांबट आणि सोनेरी लव असलेली. माझ्या रोपांवर लव औषधालासुद्धा नव्हती. पण स्वतःच्या चुकीला कारण शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी म्हटलं, लहान आहेत, येईल. मला तर पन्नाशीतही डोक्यावर केस येतील अशी आशा आहे.

रोपं चांगली तीस झाली. मग माझ्यातला दाता जागा झाला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी दह्याच्या रिकाम्या डब्यांतून ती वाटली, प्रत्येक डब्यावर 'हिमालयीन निळी पॉपी, दुर्मीळ' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि आरती ते प्रसाद या वेळात बेलीसाहेबांपासून आंबट मातीपर्यंत व्याख्यानही दिलं. माणसं भारावली. एका काकूंनी तर डब्याला नमस्कार केला.

पुढच्या मे महिन्यात कळी उमलली. पिवळी.

मी चष्मा पुसला. तरी पिवळीच. शेजारच्या स्कॉटिश आजी कुंपणावरून डोकावल्या आणि हळहळून म्हणाल्या, "अरेरे, तुझ्याकडेही शिरली का ही? मी वीस वर्षं उपटतेय!" ती होती वेल्श पॉपी, जिचं बी इथे फरशीच्या फटीतही रुजतं. माझं हिमालयातलं बी कधीच कैलासवासी झालं होतं. उगवली होती ती कुंपणाजवळची माती. आठवडाभर फोन वाजत राहिला. "भाऊ, आमची पिवळी आलीये. उन्हाने असेल का?" एडिंबरात!

बचावाला माझ्याकडे एकच मुद्दा होता. निळ्या पॉपीचं मेकोनॉप्सिस हे घराणं 1814 साली मुळात याच पिवळ्या वेल्श पॉपीसाठी थाटलं गेलं, आणि ती त्या घरची नव्हेच हे शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षांनी, जनुकं तपासल्यावर कळलं. मला एका वर्षात कळलं. हा मुद्दा मंडळात कुणालाही पटला नाही.

त्या शरदात आजींनी आपल्या निळ्या पॉपीचा गड्डा फोडला आणि मुळांसकट अर्धा माझ्या हातात ठेवला. माझ्या हातात! हिने तो ताबडतोब काढून घेतला आणि स्वतः लावला. यंदा जूनमध्ये फूल आलं. निळं. मी फोटो पाठवताच मंडळातून निरोपांवर निरोप : "बिया ठेवा हं आमच्यासाठी!"

पण ही संकरित जात आहे, हिला बी धरत नाही. द्यायची तर आजींसारखी गड्डा फोडून, स्वतःच्या झाडाची अर्धी मुळं उपटून द्यावी लागते. मनाला तेवढा मोठेपणा अजून फुटायचाय.

तोवर, पिवळीची पाकिटं तयार आहेत.