शांततेचं कलम

जर्मनीत रविवार हा नुसता वार नाही, ते कलम आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेतल्या १३९व्या कलमाने तो विश्रांतीसाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी राखून ठेवला. पुढे वायमार बुडालं, हिटलर आला नि गेला, भिंत उभी राहिली नि पडली. कलम मात्र १९४९च्या घटनेत जसंच्या तसं आलं, ते आजही तिथेच आहे.

परवाच्या रविवारी लोणच्याची रिकामी बरणी काच टाकायच्या डब्यात टाकली. पांढरी, हिरवी, तपकिरी यांतलं भोक अचूक निवडलं होतं. खळ्ळ! वरची खिडकी उघडली. आजीबाईंनी मुकाट्याने पाटीकडे बोट दाखवलं: सोमवार ते शनिवार. मन उन्नत होणं राहिलं, मान खाली गेली.

तेवढ्यात चर्चच्या घंटा घणाणू लागल्या. खिडकी शांतपणे मिटली.