मोऱ्याची लाँच आणि टिळकांची बायको

थोर माणसाचं चरित्र भक्ताने लिहिलं की त्यात तो पहाटे उठतो, चिंतन करतो आणि समाजासाठी झिजतो. बायकोने लिहिलं की त्या चिंतनापायी आमटी किती वेळा गरम करावी लागली, तेही कळतं.

मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र हाती घेतलं ते त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा, आत्मिक प्रवास समजून घ्यायला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने टिळकांना नवा करार दिला; पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भक्ताला एवढ्यावर दोन प्रकरणं सहज पुरली असती. बाईंच्या पुस्तकात मात्र नवऱ्याने धर्म बदलला की बायकोचं आणि लहानग्या मुलाचं, दत्तूचं, काय होतं, ते आधी येतं. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक संत असतीलच. वाणी मात्र बाईंच्या दारात येणार.

हे सगळं वाचून झालं ते मोऱ्याच्या कृपेने. मुंबईत भाऊच्या धक्क्याहून निघालेली लाँच उरणजवळच्या मोरा बंदराला तासाभरात पोचते, असं म्हणतात. पण ओहोटी असली की गाळापायी ती मोऱ्याच्या धक्क्याच्या अलीकडेच खोळंबते. धक्का दिसतो, त्यावरच्या रिक्षा दिसतात, आपण तिथे नसतो. मराठी वाचनसंस्कृतीसाठी या गाळाने जे केलंय, ते भल्याभल्या ग्रंथालयांना जमलेलं नाही.

बाईंचे वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, हे वाचून मी मोठ्याने हसलो. शेजारी रिकामी पाटी घेऊन बसलेल्या कोळीणमावशींनी कारण विचारलं. मी सांगितलं. उरणच्या मिठागरांच्या पंचक्रोशीतली बाई; ती हसली नाही.

"धुतल्यावर राहिलं किती?" तिने विचारलं.

एवढ्या नेमक्या परीक्षणापुढे मी काय बोलणार? म्हणून मग टिळकांची थोरवी सांगायला घेतली. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं, पण 1919 साली ते अर्धवट टाकून गेले आणि मागे बायकोने ते पुरं केलं, असं म्हटलं.

"आनि नाव कोनाचं झालं?"

तेवढ्यात लाँचचं इंजिन धडधडलं. मोऱ्याला भरती इतकी वेळेवर कधी आली नसेल.