पाळणा तिकडे, पंगत इकडे

स्थलांतरित पक्ष्यांना आपण सरसकट ‘पाहुणे’ म्हणून मोकळे होतो. पण पावसाळ्यात येऊन एप्रिलपर्यंत न हलणाऱ्याला पाहुणा म्हणायला फार मोठं मन लागतं. भोरडीचंच बघा. गुलाबी अंग, काळं डोकं आणि थव्याने केलेला अखंड कलकलाट. जुलै सरता सरता ती भारतात उतरू लागते, ज्वारी दाण्यात आली की शिवारावर तुटून पडते, पळस-पांगारा फुलला की त्यातल्या मधावर ताव मारते (म्हणून तर ती पळसमैना) आणि उन्हं तापली की निघते. आठ-नऊ महिने अन्न आपलं. पण पुस्तकात मूळ गाव लागतं ते कझाकस्तान आणि आसपासची गवताळ मैदानं. पक्ष्याचं गाव खाण्यावरून नव्हे, पाळण्यावरून ठरतं. मला हा नियम अजून पटलेला नाही.

बरं, त्या गावी मुक्काम तरी किती? मे महिन्यात पोचायचं, दगडांच्या फटींत हजारोंच्या वस्तीने घरटी मांडायची, पंधरा दिवस अंडी उबवायची आणि पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्लं उडती करायची. एवढी घाई टोळांसाठी. पिल्लांना भरवायला टोळ लागतात, म्हणून त्या वर्षी टोळ जिथे उदंड, तिथे बाळंतपण. यंदा गजबजलेली जागा पुढल्या वर्षी ओस पडलेली असू शकते. चीनच्या शिनजियांगमध्ये या पक्ष्यांनी टोळांचा फडशा पाडावा म्हणून माणसांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले आहेत. तोच पक्षी आपल्या ज्वारीवर उतरला, की माळ्यावरून गोफण सुटते. माहेरी बाळंतिणीची खोली तयार, सासरी गोफणगुंडा!

उजनी-जायकवाडीला हिवाळा काढणारे पट्टकादंब हंसही याच पंथातले. त्यांची अंडी लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी, चार-साडेचार हजार मीटर उंचीवर, बर्फ वितळू लागल्यावर. इथे पाणी आहे, चारा आहे, तरी हिमालय ओलांडायचाच. यामागचा हिशेब मात्र पक्का असतो. उत्तरेच्या उन्हाळ्यात दिवस लांबलचक, खाणं एकदम मुबलक आणि त्यावर हक्क सांगणारी तोंडं इथल्यापेक्षा कमी. पिल्लांची भूक आणि तिथला सुकाळ यांचा मुहूर्त जुळला पाहिजे. आठवडा-दोन आठवडे चुकले तरी पिल्लांचे हाल.

मग आपल्याकडे बाळंतपणाला कोणीच येत नाही का? येतो की, चातक! पावसाच्या आगेमागे आफ्रिकेहून समुद्र ओलांडून येतो. आपल्या कवींनी त्याला थेंबासाठी आसुसलेला ठरवून टाकलं. प्रत्यक्षात त्याची नजर ढगांपेक्षा सुरवंटांवर आणि सातभाईंच्या घरट्यांवर असते. मादी तिथे गुपचूप अंडं घालते, तेही सातभाईंच्या अंड्यांसारखंच निळं. पुढची उस्तवार सगळी त्यांची. एवढ्या लांबून येऊन घरटं बांधायची काडीसुद्धा उचलायची नाही, याला काय म्हणावं? सातभाई मात्र गलका करत त्या आगंतुकाला भरवतात, मोठं करतात. पंख फुटले की पोर आफ्रिकेच्या वाटेला लागतं. ती वाट सातभाईंनी दाखवलेली नसते. ते बिचारे कधी शिवार ओलांडून फारसे लांब गेलेले नसतात.