अर्ध्या भाकरीचे आण्णा

कोल्हापुरात अर्धं काही चालत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून दिलेला ग्लास फेसानं काठोकाठ भरलेला नसेल तर गिऱ्हाईक तो हातात घेत नाही. मिसळीच्या टेबलावर सँपलचा वाडगा रिकामा दिसला तर मालकाला स्वतःचा अपमान झाल्यासारखा वाटतो. खासबागेत कुस्ती बरोबरीत सोडवली की प्रेक्षक दोन्ही पैलवानांना सोडून पंचाचा उद्धार करत घरी जातात. अशा गावात आमच्या पेठेतले आण्णा दुसरी भाकरी मधोमध मोडतात, अर्धी खातात, अर्धी ताटाच्या कडेला सारतात आणि शांतपणे म्हणतात, "बास." वाढणाऱ्या बाईच्या हातातली भाकरीची बुट्टी तिथंच थांबते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "का वो आण्णा, बरं न्हाई काय?"

आण्णा मूळचे तालमीतले. विशीत पहाटे चारला उठून जोर, बैठका, लाल माती. आणि त्यावर खुराक. थंडाईचे बदाम, तांब्याभर दूध, तूप, मटण आणि भाकरीची चळत. पुढं लग्न झालं, मार्केट यार्डातलं वडिलांचं गुळाचं अडत दुकान अंगावर पडलं. जोर सुटले, बैठका सुटल्या, खुराक सुटला नाही. ही कोल्हापूरची जुनीच साथ आहे. माणसाची छाती वर्षावर्षाला थोडी थोडी खाली सरकते आणि शेवटी पट्ट्याच्या वर कायमचं बिऱ्हाड करते. तरीही लोक त्याला "पैलवान" म्हणूनच हाक मारतात, त्यामुळं त्याला काही घडलंय असं वाटतच नाही.

त्यात धंदा गुळाचा. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि यार्डात रव्यांच्या थप्प्या लागतात. अडत्यानं रंग बघायचा, कण बघायचा आणि एक खडा जिभेवर टाकायचा. हंगामात असे किती खडे आण्णांच्या पोटात जात, ते दिवाणजीच्या कुठल्याच वहीत सापडणार नाही. वर दर दोन तासांनी चहा, तोही गुळाचा. कारण गूळ म्हणजे औषध, अशी अख्ख्या यार्डाची श्रद्धा. आता मात्र आण्णा खडा चाखतात आणि बाजूला थुंकतात. नवख्या शेतकऱ्याला वाटतं आपला गूळ नापास झाला. त्याचा चेहरा उतरतो, आणि आण्णांना भाव पाडल्याचं पाप न करता भाव पाडता येतो. ते स्वतः सांगतात, "गूळ म्हंजे साखरच, फकस्त सोवळ्यातली." कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं त्यातली साखर कमी होत नाही. हे सत्य गुळाच्या दुकानात बसून बोलायला तालमीतलीच छाती लागते, मग ती सध्या कुठंही असो.

हे सगळं सुरू झालं रक्ताच्या तपासणीनं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आली 6.2. 5.7 च्या आत असेल तर ठीक, 6.5 पासून पुढं मधुमेह; आण्णा नेमके मधल्या पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले, "झालेला नाही, पण उंबऱ्यापर्यंत आलाय." आण्णांना काही उमजेना. "म्हंजे कुस्ती निकाली का बरोबरीत?" "सध्या बरोबरीत." आण्णांना इतकं वाईट मधुमेह झाला असता तरी वाटलं नसतं.

मग त्यांनी कोल्हापुरी माणूस करतो तेच केलं, टोक गाठलं. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून प्रेरणा घेऊन दिवसातून दोनदाच जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा आणि मधल्या वेळी काही खाऊ नका असं सांगितलं. महाराष्ट्रात घराघरात पोचलेलं ते सूत्र आमच्या कट्ट्यावरही पोचलं. आण्णांच्या कानात त्यातली फक्त पंचावन्न मिनिटं शिरली. समोर घड्याळ ठेवून ते पंचावन्नच्या पंचावन्न मिनिटं जेवत. चाळिसाव्या मिनिटाला दम लागला तर दोन घोट पाणी पिऊन पुन्हा आखाड्यात उतरत. वजन वाढलं. दोष अर्थातच दीक्षितांचा नव्हता. दिलेला वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, एवढाच आण्णांचा बाणा होता.

त्यानंतर दुसरं टोक. गणपतीच्या मंडपात चार माणसांदेखत घोषणा झाली, "आजपास्नं धान्य बंद!" नुसती अंडी, मटण आणि पनीर. आण्णा पाचव्या दिवशी हमालावर, सहाव्या दिवशी गिऱ्हाइकावर आणि सातव्या दिवशी जिलेबीवर तुटून पडले.

शेवटी डॉक्टरांनी अगदीच मिळमिळीत तोड सुचवली. चार भाकरी खाताय, त्या दीड-दोनवर आणा. भात मूठभर घ्या. चहातली साखर, गूळ दोन्ही काढा. रिकाम्या झालेल्या जागी उसळ, अंडी, मासे, मटण, पालेभाजी, काकडी येऊ द्या. कशालाच बंदी नाही, फक्त पिष्ट आणि गोड कमी. आण्णांना हा सल्ला आधी शिवीसारखा लागला. सोडायचं तर सगळं सोडावं, धरायचं तर सगळं धरावं. हे मधलं काय? मग घरी आल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: रश्श्याबद्दल डॉक्टर काहीच बोलले नाहीत!

आणि खरंच, पिष्टाच्या बाबतीत तांबडा रस्सा साळसूद आहे. मटणाचं पाणी, तिखट, मसाला. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. तिथंही पीठ नाही. कोल्हापुरी ताटात गुन्हेगार वाटीत नसतो, तो बुट्टीत आणि भाताच्या पातेल्यात असतो. ही बातमी आण्णांनी पेठेत राज्याभिषेकाच्या थाटात सांगितली. तवंगाचं आणि मिठाचं काय, असं विचारलं की मात्र ते फुटबॉलचा विषय काढतात.

खरी गंमत पुढं झाली. आण्णांना सकाळी अकराला कडकडून भूक लागायची, इतकी नेमानं की यार्डातले लोक त्यावर घड्याळ लावत. मिसळ, जादा पाव, मग चहा. नव्या जेवणाच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस अकरा वाजले, साडेअकरा झाले, आणि भूक आलीच नाही. आण्णा घाबरले. त्यांनी दिवाणजीला कपाळाला हात लावून बघायला सांगितलं. ताप नव्हता. दुपारी ते डॉक्टरांकडे गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, भूक मेली."

मेली नव्हती, वळणावर आली होती. सकाळी साखरेचा चहा आणि पिठाचा मारा झाला की रक्तातली साखर भराभर चढते, तिला आवरायला इन्सुलिन धावतं, साखर तितक्याच वेगानं खाली येते आणि बऱ्याच जणांना दोन-तीन तासांत पुन्हा पोटात कावळे ओरडू लागतात. त्याऐवजी दोन अंडी, वाटीभर मटकी आणि एक भाकरी पोटात गेली की प्रथिनं आणि तंतू पोट लवकर रिकामं होऊ देत नाहीत. आधी भाजी, उसळ, मटण आणि शेवटी भात-भाकरी, असा नुसता क्रम बदलला तरी साखरेची उडी लहान होते. आण्णांनी हे समजून घेतलं आणि आता ते पंगतीत आधी कोशिंबीर संपवतात. कोशिंबीर संपवणारा पाहुणा आमच्या पेठेत यापूर्वी कुणी पाहिला नव्हता. ती वाढतात ती ताट भरलेलं दिसावं म्हणून.

अकराची वेळ मोकळी झाली, पण मिसळीच्या गाडीकडं पाय वळायचे ते वळतातच. आता ऑर्डर वेगळी असते: "पाव नको. फरसाण निम्मं. मटकी डबल. सँपल हाय तेवढं." मालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आण्णा, ही मिसळ न्हवं, ही उसळ झाली. घरात वैनी देत न्हाईत काय?" तरी सँपलचा वाडगा त्यानं भरूनच आणला.

माहितीच्या बाबतीत आण्णांनी जुना खुराक पुन्हा सुरू केलाय. कुणी म्हणालं, "मी निस्ती ज्वारीची भाकरी खातो, मला काय हुतंय," की ते चष्मा वर करतात. "100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कारब. ज्वारी असू दे, खपली असू दे, न्हाईतर नाचणी. तंतूचा फरक पडतोय, पर पाच खाल्ल्यास तर नाचणी काय करणार?" हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगितलं, हेही त्यांना पाठ आहे. आपल्या ताटात ती कितीतरी वर असते. हे आकडे ते शक्यतो समोरच्यानं पहिला घास उचलल्यावर सांगतात, हा त्यांचा दुर्गुण.

पण त्यांचा खरा लाडका माणूस म्हणजे विल्यम बँटिंग. पुतण्यानं मोबाइलवर दाखवला. हा लंडनचा अंत्यसंस्काराचं सामान पुरवणारा बडा व्यावसायिक. वेलिंग्टनच्या ड्यूकची अंत्ययात्रा याच्या घराण्यानं सांभाळलेली. लठ्ठपणानं बेजार होता. कानाला कमी ऐकू येतं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्यानं पाव, साखर, बटाटे, बिअर कमी करायला सांगितलं. वर्षभरात 202 पौंडांवरून 156 वर आला आणि 1863 मध्ये त्यानं त्यावर एक पुस्तिकाच छापली. 81 वर्षं जगला. आण्णा भारावून सांगतात, "मयताचं सामान इकणारा माणूस लोकास्नी जगायचं सांगतोय, आन् गूळ इकणारा मी गूळ कमी करा म्हणतोय. दोघंबी आपल्याच धंद्याच्या मुळावर!"

घरची आघाडी सर्वांत अवघड. वैनींनी पहिल्याच दिवशी आज्ञा पाळली आणि दोनच भाकरी थापल्या. संख्या दोन, क्षेत्रफळ चारांचं. आण्णांनी तक्रार केली तर म्हणाल्या, "आवो, दोनच हाईत की! मोजा." शेवटी तह झाला: भाकरी वैनींच्या मापाची, पण दुसरी अर्धीच खायची. आजऱ्याहून नातेवाईक घनसाळ तांदूळ पाठवतात. तो शिजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्या दिवशी आण्णा भात लहान वाटीनं घेतात आणि बाकीचा वास घेऊन भागवतात. हा त्यागाचा प्रसंग बघायला शेजारी येतात, आणि आलेच आहेत तर जेवूनच जातात.

गावाकडच्या जत्रेत प्रकरण जास्त गंभीर होतं. तिथं भाकरी नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं. आण्णांनी त्यावर डाव शोधलाय. वाढलेली भाकरी ते मुकाट्यानं घेतात, यजमानाची पाठ वळली की अर्धी शेजाऱ्याच्या ताटात सरकवतात. शेजाऱ्याला वाटतं आपल्यालाच वाढली. जत्रेला नेहमी आण्णांच्या डाव्या अंगाला बसणारा आमचा एक मित्र वर्षभरात चांगलाच गरगरीत झालाय आणि त्याला त्याचं कारण अजून कळलेलं नाही.

आण्णांना आंधळी बाजू नाही असं नाही. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारून झाली की ते भेळ खातात. चुरमुरे म्हणजे तांदूळच, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणतात, "ती निस्ती हवा असती रं!" बाकीचे सहा दिवस सरळ जात असल्यानं मी हा मुद्दा ताणत नाही. कसल्याही नियमावर जगणाऱ्या माणसाला एक खोटं मोकळं ठेवावं लागतं. आण्णांनी त्यातलं सर्वांत हलकं निवडलं, हा त्यांचा शहाणपणा.

एका ठिकाणी मात्र हा सल्ल्यांचा माणूस तोंड मिटतो. कट्ट्यावरच्या एकाला इन्सुलिन चालू आहे. तो म्हणाला, "आण्णा, मीबी उद्यापास्नं अर्धी भाकरी." आण्णा उठले, त्याला गाडीवर मागं घातलं आणि थेट त्याच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. औषध तेवढंच ठेवून पिष्ट एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. वाटेत आण्णा एक शब्द बोलले नाहीत. पेठेत त्या दिवशी त्यांच्या तब्येतीची पुन्हा चौकशी झाली.

परवाच्या तपासणीत त्यांची सरासरी 5.8 आली. पट्ट्याला आतल्या बाजूनं दोन नवी भोकं पडलीत. डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय, असंच चालू ठेवा." आण्णांना निकाली कुस्ती हवी होती, चालू ठेवा म्हणजे काय, हे त्यांना अजून पटलेलं नाही, पण चालू ठेवलंय.

असे आण्णा आता बऱ्याच पेठांत एकेक उगवलेत. तुमच्याकडं जेवायला आले तर बुट्टी घेऊन त्यांच्यामागं लागू नका, आणि "एवढ्यानं काय हुतंय" असं तर चुकूनही म्हणू नका; एवढ्यानंच काय होतं, हे ते पाऊण तास आकडेवारीसह सांगतील. रश्श्याची वाटी मात्र भरत राहा, तिला ते नाही म्हणत नाहीत. आणि पंगतीत त्यांच्या डाव्या अंगाला बसायची पाळी आली, तर आधी स्वतःचं रक्त तपासून घ्या.