तोंडओळख

सतरा हजार चौरस किलोमीटरचा आमचा जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. सरकारदरबारी तो अहमदनगरचा अहिल्यानगर झाला, बोलण्यात मात्र तेव्हाही नगर आणि आताही नगरच. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात माणसाचे ओळखीवाचून पान हलत नाही. सोसायटीचे कर्ज, उसाची तोड, पोराचा प्रवेश, दवाखान्यातली खाट, सगळे ओळखीवर चालते. कोपरगावचा माणूस श्रीगोंद्यात भेटला तरी चहा संपायच्या आत दोघांचा एक सोयरा निघतो. आमचे अख्खे राजकारणच सोयऱ्याधायऱ्यांचे. पक्ष बदलतात, पाहुणे तेच राहतात.

अशा जिल्ह्यात सरकार म्हणते, डोक्यात हेल्मेट घाला आणि काच खाली ओढा. म्हणजे साहेब कारखान्याच्या गेटवर उभे आहेत, तुम्ही समोरून गेलात आणि साहेबांना कळलेच नाही की आपला माणूस गेला! संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा, 'अमक्याने रामराम घातला नाही, तिकडे गेला वाटतं.' अपघातात डोके फुटले तर बारा टाके पडतात. रामराम चुकला तर पाच वर्षे जातात.

खरे कारण हे आहे. पण ते कोणी सांगत नाही. सांगायची कारणे वेगळी ठेवलेली असतात. मान दुखते, केस गळतात, घाम येतो. मागचा हॉर्न ऐकू येत नाही, असे एक जण मला तावातावाने पटवत होता. मला दोनदा सांगावे लागले की आधी कानातला इअरफोन काढ, मग बोलू. आणि सगळ्यात वजनदार कारण म्हणजे रस्ते. 'आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचं बोला.' नगर-मनमाड रस्त्याने ज्याने दुचाकी हाकली आहे त्याच्यापुढे वाद घालायची माझी छाती नाही. त्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्री उसाचे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाणे मात्र राहुरीत लावलेले देवळालीत ऐकू येईल असे. खड्डे आहेत, ट्रॉल्या आहेत, अंधार आहे. एवढे सगळे असताना हेल्मेट घालायचे म्हणजे शासनाला सूट दिल्यासारखे होईल. म्हणून आम्ही डोके उघडे ठेवून निषेध नोंदवतो.

श्रद्धेचा भाग वेगळाच. आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, राखणारा चौथऱ्यावर उभा आहे. २०११ मध्ये युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. तेव्हापासून आमच्यातल्या काहींनी हिशेब मांडला, की तिजोरीला कुलूप लागत नाही तिथे कवटीला कशाला? बँकेने काचेचे दार तेवढे बसवून घेतले होते, पण हिशेबात ते कोणी धरत नाही. नवी गाडी घेतली की तिची पूजा होते, हँडलला लिंबू-मिरची लटकते, पेढे वाटले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमाप्रमाणे नव्या दुचाकीबरोबर हेल्मेटही द्यायचे असते. ते मिळालेच तर घरी आल्यावर माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या आवरासावरीत खाली येते, तोवर त्यात मांजर व्यालेले असते.

आता नगर म्हणजे नुसते ऊस आणि देव नव्हेत. इथे लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रणगाड्यात बसणाऱ्या जवानाच्या चारी बाजूंना पोलाद असते. तरीही तो आतून डोके आपटू नये म्हणून मऊ गादीचे शिरस्त्राण घालतो. तिथल्याच रस्त्याने आमचा वीर शंभर किलो पत्र्यावर बसून, कपाळावर गॉगल चढवून, साठच्या वेगाने जातो. गादीवाला रणगाडा चालवतो आणि बिनगादीचा दुचाकी. दोघांत शूर कोण, हे लष्कराने एकदा ठरवावे.

पुण्याचे लोक हेल्मेटला विरोध करतात तो रीतसर. जानेवारी २०१९ मध्ये तिथे सक्ती सुरू झाली, तेव्हा कृती समिती उभी राहिली, निवेदने गेली, पगड्या घालून दुचाकींचा मोर्चा निघाला. नगरकराला हा उपद्व्याप कळत नाही. ज्याला घालायचे असते त्यानेच विरोध करावा. आम्ही घालतच नाही, मग विरोध कशाचा करणार?

शासनाचेही कौतुक करायला हवे. जुलै २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी जाहीर केले, 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही.' पंपवाले बिथरले. मग तोडगा निघाला की पेट्रोल द्यायचे, फक्त बिनहेल्मेटवाल्याचा नंबर लिहून घ्यायचा. पुढे २०१९ मध्ये केंद्राने दंड शंभरावरून हजारावर नेला, वर तीन महिने परवाना निलंबित. त्याच रावत्यांच्या खात्याने सप्टेंबरात महाराष्ट्रापुरते हे वाढीव दंड थांबवून धरले, कारण लोकांना फार होतात. विधानसभेचे मतदान पुढच्याच महिन्यात होते, हा निव्वळ योगायोग. मतदाराचे डोके फुटले तर एक मत जाते, खिसा फुटला तर घर जाते. हे गणित मुंबईत बसलेल्यालाही येते.

हे सगळे मी मेव्हण्याला सांगत होतो. मेव्हणा तालुक्याच्या राजकारणात आहे, म्हणजे फ्लेक्सवर तळाच्या ओळीत उजवीकडून तिसरा असतो. गाडी एमएच-१६, नंबरप्लेटचे आकडे असे वाकवलेले की 'दादा' वाचावे. त्याला मी लॉरेन्स ऑफ अरेबियाची गोष्टही सांगितली. अख्खे वाळवंटी युद्ध अंगावर काढलेला माणूस १९३५ मध्ये इंग्लंडातल्या साध्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून, डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी हा विषय धरून ठेवला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाने जीव वाचतो हे मांडले. ब्रिटनमध्ये सक्ती झाली १९७३ मध्ये.

"बघा दाजी," मेव्हणा खूश होऊन म्हणाला, "गोऱ्या साहेबाला बत्तीस वर्षं लागली. मग आपल्यालाच कशाची घाई?"

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात कलम १२९ पहिल्यापासून आहे आणि बत्तीस वर्षांची मुदत २०२० मध्येच संपली, हे मी बोललो नाही. सासुरवाडीत हिशेब काढू नये.

मग मी आकडा काढला. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो, देशात हेल्मेट नसताना मेलेले दुचाकीवरचे लोक ५०,०२९. मेव्हण्याने मान हलवली. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. यावर त्याने मान हलवली नाही, कारण तो आयुष्यात कधी मागे बसलेला नाही.

मागे कोण बसते, हे बाजाराच्या दिवशी नगरच्या दिल्ली गेटला उभे राहून बघावे. मागे बाई असते, एका अंगाने बसलेली. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात लेकरू, कोपराला भाजीची पिशवी. तोंडाला स्कार्फ इतका घट्ट की डोळे तेवढे दिसावेत. उन्हाने रंग जाऊ नये एवढी काळजी सगळ्यांनी घेतलेली. आणि नवऱ्याने हेल्मेट आणलेच असेल तर ते कुठे असते? तिच्या मांडीवर. चौकात मामा दिसला की तो हात मागे करतो, ती हेल्मेट पुढे देते, तो घालतो, चौक ओलांडला की परत मागे देतो. तिचे डोके या सगळ्या व्यवहारात कुठेच येत नाही. कायद्यात मागच्यालाही तीच सक्ती आहे, चार वर्षांवरच्या पोरालाही आहे. पण कायदा मांडीवर धरता येत नाही.

शेवटी मीच तडजोड सुचवली. म्हटले, अडचण तोंड दिसत नाही हीच ना? मग हेल्मेटवर तोंड छापून घे. पुढे तुझा फोटो, हात जोडलेला, मागे साहेबांचा, बाजूला 'युवा नेतृत्व'. लांबूनच माणूस ओळखील आणि तुला हँडल सोडून रामरामही घालावा लागणार नाही. मेव्हण्याला कल्पना एकदम पटली. त्याच दुपारी आम्ही चितळे रोडला स्टिकरवाल्याकडे गेलो. मेव्हण्याने तीन फोटो दाखवले, त्यातला फेटा बांधलेला निवडला. पोराने माप घेतले, काचेवर फोटो येणार नाही म्हणून समजावले, दर सांगितला आणि सहज विचारले, "दादा, दोन केले तर स्वस्तात पडतील. वहिनींसाठी एक करायचं का?"

"तिला कशाला?" मेव्हणा म्हणाला. "तिला कोण ओळखतंय?"