कोरडं फडकं

काळी गाडी घेऊ नका, असं मराठवाड्यात कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही. शोरूमवाला तर नाहीच नाही. तिथल्या दिव्यांखाली ती उभी असते तेव्हा तिच्या दारात बघून भांग पाडता येतो. तीच गाडी चाकूर, अहमदपूर, लोहा करत लातूरहून नांदेडला पोचली की तिचा मूळ रंग कोणता, हे आरसी बुकात बघावं लागतं.

आमच्या दाजींनी काळीच घेतली. दाजी लातूरचे, आम्ही नांदेडचे. या दोन शहरांचं नातंही तसं मेव्हण्या-दाजींचंच. विभागीय आयुक्तालय तुमच्याकडे की आमच्याकडे, हा वाद जेवणाच्या पंगतीत अजून निघतो. मुख्यमंत्री तुमचे किती, आमचे किती, हेही मोजून होतं. नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव, लातूरचे निलंगेकर आणि विलासराव. दोन-दोन होतात, त्यामुळे कुणालाच जेवणावरून जिंकून उठता येत नाही. म्हणून मग वाद पाण्यावर येतो. आम्हाला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे. लातूरला मांजरा आहे, आणि मांजरेचं काय होऊ शकतं हे 2016 साली सगळ्या देशानं पाहिलं. धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये टाक्यांच्या आणि टँकरच्या आसपास 144 कलम लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

ज्या गावात पाण्याच्या टाकीभोवती जमावबंदी लागते, त्या गावात पाइप लावून गाडी धुणाऱ्या माणसाला काय नजरेनं बघत असतील? त्या वर्षी लातूरकरांनी गाड्या धुणं सोडलं आणि कोरडं फडकं हातात घेतलं. पुढे पाऊस झाला, धरण भरलं, पण फडकं काही सुटलं नाही. दाजी तर ते अभिमानानं डिकीत बाळगतात. रोज सकाळी गाडी पुसून काढणं हा त्यांच्या लेखी दुष्काळातून शिकलेला शहाणपणा आहे. मला तो शहाणपणा मनापासून पटायचा. गाडीच्या रंगाला मात्र तो पटत नव्हता. रस्त्याचं काम चाललेलं असलं की हवेत उडते ती नुसती माती नसते, खडीची कच असते. ती कोरड्या फडक्याखाली सापडली की पुसणं आणि घासणं यात फरक उरत नाही.

तरी खरं प्रकरण सुरू झालं ते उसापासून. गळीत हंगामात ट्रॉलीतून बाहेर लोंबणाऱ्या एका टिपऱ्यानं उजव्या दारावर वीतभर रेघ ओढली. ट्रॉलीवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता. ट्रॉलीत मागे काय चाललंय हे कळण्याची सोय ट्रॉलीवाल्याला नसते, आणि त्याच्या टेपचा आवाज तसा मोठाच असतो. दाजींनी आधी टूथपेस्ट लावून पाहिली. मग रबिंग कंपाउंडचा डबा आला, भाड्यानं पॉलिशची मशीन आली. मोबाइलवर एक व्हिडिओ होताच. त्यात एक माणूस हसत हसत काम करतो आणि चार मिनिटांत दार आरशासारखं होतं.

‘‘त्यात काय अवघड हाय? घासायचंच तर हाय,’’ दाजी म्हणाले.

वाक्य बरोबर होतं. अडचण एवढीच, की घासायचं कशाला आणि किती, हे त्यात आलेलं नव्हतं. गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी त्याची, आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही त्याचंच. पॉलिश मारली की गाडीवर काहीतरी चढतं असं आपल्याला वाटतं. चढत काहीच नाही. पॉलिश क्लिअर कोट उतरवते. रेघ बुजत नसते; तिच्या आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग रेघेच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो. शेतात ओघळ पडली की आपण बाहेरून माती आणून टाकतो. इथे मात्र ओघळीसाठी अख्खं वावर उतरवायचं, आणि वावर केसापेक्षा पातळ!

दाजींनी ते उतरवलं एप्रिलच्या दुपारी, अंगणात, उन्हात. पत्रा असा तापलेला की वर पापड भाजावा. कंपाउंड लावताक्षणी वाळत होतं आणि गोल फिरणारी मशीन ते कोरडंच रगडत होती. दाराची रेघ पुसट झाली. पण आता दार एवढं चमकायला लागलं की शेजारचं बॉनेट म्हातारं दिसू लागलं. मग बॉनेट झालं. संध्याकाळी सावलीत बघितलं तर गाडी नवरीसारखी. ताईनं फोटो काढून आम्हाला पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘‘नांदेडकरांनो, बघा.’’

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि बॉनेटवर सूर्याभोवती बारीक रेघांचं गोल जाळं उमटलं. दाजी सरकले की जाळंही सरकायचं. त्यात गंमत अशी, की त्या रेघा मुळात गोल नसतात, वाटेल तशा आडव्या-तिडव्या असतात. प्रकाशाला आडव्या असतील तेवढ्याच चमकतात, म्हणून प्रत्येक दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. पांढऱ्या गाडीवर हे लपून जातं. काळी गाडी काहीच पोटात ठेवत नाही.

गाडी शेवटी नांदेडला आली, आमच्या ओळखीच्या उस्तादांकडे. लातुरात पेंटर नाहीत असं नाही, पण गावात बभ्रा नको. उस्तादांनी आधी रेघेवरून नख फिरवलं. नख अडलं नाही तर काम पॉलिशवर भागतं, अडलं तर नाही. मग बॅटरी तिरकी धरली, दाराच्या कडेशी थांबले आणि दाजींकडे बघून म्हणाले, ‘‘अच्छी गाडी कू कायकू घिसे जी?’’

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मी विष्णुपुरीच्या दिशेनं.

बॉनेट सुधारणार होतं. आधी शाम्पूनं धुवायचं, मग क्ले फिरवून चिकटलेली कच काढायची. कडांना टेप लावायचा, कारण कडेला क्लिअर सगळ्यात पातळ. दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं, मग रबिंग, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. मशीन ड्युअल अॅक्शनची, म्हणजे फिरता फिरता डगमगणारी. ती एका जागी रंग जाळत नाही. दाराच्या कडेला मात्र क्लिअर संपून रंग उघडा पडला होता. तिथे घासणं संपलं, स्प्रे सुरू. कंपनीत बॉडीला रंग चढतो तो भट्टीत सुमारे 140 अंशांवर. गॅरेजमध्ये तेवढा ताप देता येत नाही, सीटं आणि वायरी आत असतात. म्हणून हार्डनर मिसळलेला रंग मारतात आणि साठेक अंशांवर भागवतात. विकताना पारखी गिऱ्हाईक एवढ्यावरूनच विचारतं, ‘‘टचिंग केलंय का?’’

दाजींना हा शेवटचा भाग फार लागला. दर ऐकून झाल्यावर त्यांनी दार नांदेडला आणि बॉनेट लातूरला, अशी वाटणी सुचवून पाहिली. आयुक्तालयाच्या वेळी हे कुणाला सुचलं असतं तर बरं झालं असतं.

उस्तादांनी डिकीतलं फडकं स्वतः काढून घेतलं. दोन बादल्या वापरा म्हणाले, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. दोन बादल्यांत गाडी निघते, पाइप लागत नाही. आणि दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकू नको, वाळल्यावर ते पुसायला परत कोरडं फडकंच येतं.

इथे ताई पुढे आली. ‘‘मग स्वस्तिक काढायचं कुठं?’’

‘‘काच पे निकालो ना भाभी. काच कू कुछ नै होता.’’

‘‘आन् पाऊस आला, वायपर लावला तर पुसून जाईल की,’’ दाजी म्हणाले.

‘‘येऊ द्या की पाऊस,’’ ताई म्हणाली, ‘‘मी परत काढते.’’